गुलाबी मीडियमचा घोळ

११ नोव्हें., मंगळ.
पुन्हा तेच. उंदराच्या हृदयपेशी, एका डिशला इस्ट्रोजेन (पाळी थांबली की बायकांत घटतं ते हॉर्मोन), दुसरीला नाही. ठोक्यागणिक कॅल्शियम दोन्हींत सारखंच चढतंय. सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत फरक दिसला नाही तर विषय बदलू. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी! मला हाच विषय हवाय. पाळी थांबल्यापासून आईची छाती धडधडते, डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. एवढंच?

१२, बुध.
पेशी ज्या पोषक पाण्यात वाढवतात ते गुलाबी मीडियम संपलं, ऑर्डर अडकलेली. शेजारच्या लॅबमधल्या स्नेहलकडून बाटली उसनी आणली. बिनरंगी निघाली. रंग काय, मीडियम आंबलं की कळावं म्हणून असतो. नसला तर नसला. नव्या डिश तिच्यातच लावल्या.

१३, गुरु.
दिसला! हॉर्मोन नसलेल्या पेशी प्रत्येक ठोक्याला लख्ख चमकत होत्या, म्हणजे कॅल्शियम भरपूर. हॉर्मोनवाल्या मंद. सूक्ष्मदर्शकाचा फोकस पुन्हा लावून पाहिला, तेच. स्नेहलला ओढून आणलं. ती अमरावतीची, शांतपणे म्हणाली, "फरक तर दिसून राहिला ना. पण तू बदलवलं काय?"
बाटली!!
वाचत बसले. तो गुलाबी रंगच थोडाफार इस्ट्रोजेनसारखा वागतो. म्हणजे 'हॉर्मोन नाही' अशी चिठ्ठी लावलेल्या डिशलाही मी रोज तेच पाजत होते. मीडियममध्ये घालतात त्या सीरममधले हॉर्मोन कोळशाने शोषून काढले, रंगाकडे कुणाचं लक्षच नाही. धन्य आम्ही.

१४, शुक्र.
सरांनी आलेख दोनदा पाहिला. "एका डिशवर पीएच.डी. मिळत नाही. आणि हे खरं असेल तर तुमचं आधीचं सगळं काम बाद." विषय राहिला, पण महिन्याभरात हाच फरक पुन्हा दाखवायचा. प्रबंधाचं तिसरं प्रकरण गेलं. रडू यायला हवं होतं, मी जिना उड्या मारत उतरले.

१६, रवि.
कोथरूडला घरी. आई मटार सोलत होती, तिला सगळं भडाभडा सांगितलं. हात थांबवून म्हणाली, "मग माझं धडधडणं नुसतं वयाचं नाही?"
म्हटलं, या उंदराच्या पेशी आहेत गं, डिशमधल्या. तुझ्याबद्दल आत्ता काहीच म्हणता येत नाही.
"बरं. नीट बघ. मला घाई नाही."
मला आहे. उद्या सकाळी नव्या पेशी.