चार पायांना एक जोडी

४ ऑक्टोबर

नाव लिहून आले. दोघींचं. रोसाउराला विचारलं नाही.

चर्चच्या दारावर शर्यतीच्या जोड्यांचा कागद लागलाय. पाद्रीबुवा तिथेच उभे. म्हणाले, "एडेल्मिरा, बहिणीशी बोलणं सुरू झालं म्हणायचं!" मी म्हटलं, हो. चर्चच्या पायरीवर उभं राहून खोटं बोलले.

रात्रीच्या भाकरीची वेळ होईपर्यंत फाउस्तोला सांगितलं नाही. नवरा असला तरी बोलायला तिखट. म्हणाला, "दोन वर्षं ती तुला बघून रस्ता बदलते. ती पुलावर येऊन उभी राहणार? बघ बाई स्वप्नं."

७ ऑक्टोबर

शाळेत नवी बाई आलीय, राजधानीची, क्वितोची. माझ्या भट्टीवर पाव घ्यायला आली आणि शर्यतीचं ऐकून हसतच सुटली. "दोघींत बुटांची जोडी एकच?"

एकच. पहिली गावापासून पुलापर्यंत नऊ किलोमीटर डांबरी रस्ता पळते. पुलावर बूट काढते. दुसरी तेच बूट चढवते आणि पायवाटेनं डोंगर चढून चॅपलला जाते. निघताना लेसला लाल लोकरीचा धागा बांधतात. वर पोचलेली तो सोडून चॅपलच्या गजाला बांधते. तेव्हाच शर्यत पुरी. पूर्वी घरात धड जोडी एकच असायची, त्यातून हे आलं. आता घरोघरी चार चार जोड्या आहेत, पण नियम तोच.

बाईंनी सहज विचारलं, "मग बूट कुणाच्या मापाचे घेता?"

मी पाव बांधत राहिले. उत्तर माहीत नाही म्हणून नव्हे. आमच्याकडे पहिलीच्याच मापाचे घेतात, सगळ्याच घरांत. सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं असतं ना! टाळ्या रस्त्यावर वाजतात. डोंगरावर बघायला कोण असतं? शेळ्या.

सहा वर्षं बूट मीच निवडले. हलके, सपाट तळाचे, डांबरावर उडणारे. नंबर ३७. दरवर्षी विचारायचे, "तुला होतात ना गं?" ती म्हणायची, "होतात ताई."

११ ऑक्टोबर

रोसाउरा दुधाचे कॅन घेऊन समोरून गेली. थंडीत डावा पाय अजून ओढते. मी भट्टीत डोकं घातलं.

१४ ऑक्टोबर

तालुक्याला जाऊन आले. डॉन सेगुंदोच्या बुटांच्या दुकानात. म्हातारा सगळ्या खोऱ्याच्या पायांना ओळखतो, तोंडांना नाही.

"रस्त्यासाठी की डोंगरासाठी?"

"दोन्हीसाठी."

"दोन डगरींवर पाय ठेवायला निघालीस, पोरी." मग हसला आणि तीन जोड्या काढल्या. पहिली, तळाला हे मोठाले दात. म्हणाला, चिखलात घट्ट धरतील, पण डांबरावर नऊ किलोमीटर पळशील तर पोटऱ्या रडतील आणि दातही झिजतील. दुसरी सपाट, माझी नेहमीची. ती त्यानं हातातसुद्धा घेतली नाही. नुसती बोटानं बाजूला सारली. तिसरी उलटी करून माझ्यापुढे धरली. मधोमध दात बुटके आणि दाटीनं, म्हणजे रस्त्यावर गुळगुळीत चालतात. कडेचे खोल, म्हणजे उतारावर पकडतात. पुढे रबराची टोपी, दगडाला ठेच लागली तर बोटं वाचतात. टाच दाबून दाखवली. टाच हलता कामा नये, म्हणाला, आणि बोटांपुढे अंगठ्याची रुंदी मोकळी हवी, नाहीतर उतरताना नखं जातात.

नखं जातात. रोसाउराची दरवर्षी जायची. काळीनिळी होऊन गळायची. मी म्हणायचे, तुझी नखंच नाजूक.

"माप आण," म्हातारा म्हणाला. "दोघींचं. कागदावर पाय ठेवून रेघ ओढून आण. तोंडी नंबर मला सांगू नकोस. पायाबद्दल माणसं खोटं बोलतात."

१७ ऑक्टोबर

तिच्याकडे कागद घेऊन जायची हिंमत होईना. कोणत्या तोंडाने जाऊ?

आज पहाटे पाटावर गेले, ती कपडे धुते तिथे. झुडपामागे उभी राहिले, चोरासारखी. सख्ख्या बहिणीच्या पायाचं माप चोरायला! ती पिळे घेऊन गेली. धुण्याच्या सपाट दगडावर तिचा ओला पाय उमटला होता. कागद दाबला, ओल उतरली, लगेच पेन्सिल फिरवली.

घरी येऊन शेजारी माझा पाय काढला.

तिचा अंगठा माझ्या अंगठ्याच्या जवळजवळ बोटाच्या रुंदीइतका पुढे.

फाउस्तोनं टेबलावर कागदावरचे दोन पाय पाहिले. दोन्हींवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ही ३९ आहे, एडेल्मिरा." आणि चहा न घेताच शेतावर गेला.

१८ ऑक्टोबर

लिहून टाकते. इथे नाही तर कुठे.

दोन वर्षांपूर्वी मी पुलावर सगळ्यांत आधी पोचले. बूट काढून दिले. तिनं पाय आत कोंबले, लेस बांधली, माझ्याकडे बघून हसली आणि वर गेली. मी पुलावर बसून मक्याची चिचा प्यायले. लोक पाठ थोपटत होते. तासाभरानं पायवाटेवरून लोक आरडाओरडा करत आले. ओल्या उतारावर ती घसरली होती. सपाट तळ, आत दुमडलेली बोटं, घसरणार नाही तर काय. घोट्याचं हाड मोडलं होतं. एकानं तिला पाठीवर घेतलं होतं. तोंड पांढरं पडलेलं.

आणि मी तिला पहिलं काय विचारलं?

"धागा बांधलास का?"

पाय दुखतोय का, हे नाही. धागा! तिनं माझ्याकडे पाहिलं. आजतागायत तिनं माझ्याकडे तसं पुन्हा बघितलं नाही. कसंच बघितलं नाही.

तो प्रश्न परत घेता आला असता तर उरलेली सगळी वर्षं मी अनवाणी पळाले असते.

२५ ऑक्टोबर

बूट आणले. तिसऱ्या प्रकारचे. नंबर ३९.

डॉन सेगुंदोनं दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले, उजेडाकडे धरले. म्हणाला, "३८ घे. तुला थोडा सैल, तिला थोडा घट्ट. दोघींना थोडा थोडा त्रास, कुणालाच फार नाही." मी म्हटलं, ३९च. "तू त्यात पोहशील." पोहेन. सहा वर्षं तिनं सोसलं, एक वर्ष मी सोसते. म्हातारा खांदे उडवून म्हणाला, "शिक्षा हवी असेल तर पाद्र्याकडे जा. मी बूट विकतो." पण दिले.

संध्याकाळी नदीपर्यंत पळून पाहिलं. दोन मोजे, टोकाला लोकरीचा बोळा. तरी टाच प्रत्येक पावलाला वर खाली. दोन फोड आले. वेळ नेहमीपेक्षा पाच मिनिटं जास्त. फाउस्तो पाय बघून म्हणाला, "हरायला चाललीस का?"

म्हटलं, बहुतेक.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईबाबांच्या थडग्यावर गेले. रिवाजाप्रमाणे बाळाच्या आकाराचे पाव भाजले होते, किटलीत गरम जांभळी कोलादा. रोसाउरा आधीच बसलेली. उठून जाईल वाटलं. गेली नाही. आईसमोर दोघींनाही लाज.

दोघी पाव खात होतो. मग मीच म्हटलं, "नाव दिलंय दोघींचं."

"वाचलं."

"बूट ३९ आणलेत."

ती पावाच्या बाळाचं डोकं मोडत होती. हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"दगडावरून घेतलं माप."

हसली असं वाटलं, पण ते हसू नव्हतं. "माझं माप घ्यायला तुला दगडाला विचारावं लागलं ताई."

"तुला विचारायचे की दरवर्षी. तू म्हणायचीस होतात."

"विचारायचीस. पण उत्तर एकच देता येईल असं विचारायचीस. बूट विकत घेऊन, खोका फेकून, पायात घालून, मग विचारायचीस."

खरं होतं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "कोलादा निवतेय, पी." माझी जीभ अशी! ऐन वेळी भलतीकडेच वळते.

ती प्यायली. निघताना म्हणाली, "डॉक्टर म्हणतो पाय बरा आहे. मीच नाही डोंगराकडे जात." आणि गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

९ नोव्हेंबर

फोड फुटले. मिठाचं पाणी. पुन्हा पळाले.

१६ नोव्हेंबर

शाळेच्या बाई म्हणाल्या, बहीण येणार नसेल तर पुलावर मी थांबते, माझा ३९च आहे. चांगल्या मनाची बाई. नको म्हटलं. त्या म्हणाल्या, मग पळता कशाला? मी नुसतं "बूट नेऊन द्यायचेत" असं काहीतरी बोलले.

२३ नोव्हेंबर

शर्यत झाली. माझी.

सातवी आले पुलावर. सातवी! रस्त्याच्या कडेनं लोक ओरडत होते, "एडेल्मिरा, कुणाचे बूट ढापलेस?" हसू द्या. टाच सोलून निघाली होती, मोजा लाल. पुलाच्या टोकाला जोड्यांच्या दुसऱ्या बायका ओळीनं उभ्या होत्या, अनवाणी. मी एकेक चेहरा बघत गेले. शेवटच्या चेहऱ्यापर्यंत.

नव्हती.

तरी बूट काढले. लोकर काढली. आतली घाण पुसली. तिच्यासाठी लेस सैल केली. हातात धरून उभी राहिले. आठवी आली, नववी आली, शेवटची आली. पंच म्हणाला, "ताई, आता बाजूला व्हा, ट्रक सोडायचे आहेत." पुलाच्या कठड्यावर बूट शेजारी शेजारी ठेवले, टोकं डोंगराकडे. लाल धागा तसाच. आणि अनवाणी घरी आले, फाउस्तोच्या खांद्याला धरून. त्यानं वाटेत एकदाही टोमणा मारला नाही, त्यानंच जास्त रडू आलं.

ती यावी अशी लायकीच नव्हती माझी. पण वाटलं होतं. खूप वाटलं होतं.

२४ नोव्हेंबर

रोसाउरा आज दुधाचे कॅन घेऊन समोरून गेली नाही. दूध फाउस्तोनं पुलाकडून येताना आणलं. म्हणाला, कठड्यावर बूट नाहीत. कुणीतरी नेले असतील. चांगले होते.

२७ नोव्हेंबर

सकाळी भट्टी पेटवायला दार उघडलं. उंबऱ्यावर बूट. घोट्यापर्यंत डोंगराची लाल माती, दातांत गवत. धागा नाही. आत माझ्याच पावाच्या पिशवीचा तुकडा, तिचं अक्षर: "पुढच्या वर्षी ३८ आण."