लायसन्स दुसऱ्याच्या नावावर

९ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय धाकटे,

तू आणि मी, आपण दोघांनी लहानपणापासून एकच तक्रार केली : मोठी माणसं वस्तू देतात, हक्क देत नाहीत. बाबांनी सायकल आणली आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस, मी भाषण ठोकायचो. तू मोठी झालीस तसं रडणं सोडलंस. माझं भाषण अजून चालूच आहे.

बाकी इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनी त्याहून जास्त. दुकानात माल भरपूर. ऑफिसं बंद पडताहेत, त्यांच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, म्हणजे खोल्याखोल्यांतले फोन एकमेकांना जोडणाऱ्या, पेट्या माझ्याकडे येताहेत. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांच्या सभेत मी काय बोललो ते तुला सांगायचं राहिलंच. मी म्हणालो, "टेबल विकत घेतलं की त्याचा खण आपला होतो ना? मग पेटी घेतली की तिच्या आतलं सॉफ्टवेअर कुणाचं? पेटी बनवणारी कंपनी म्हणते, पेटी तुमची, पण ती चालवायचं लायसन्स पहिल्या मालकाचं. नाव बदलायचं तर आमच्याकडे अर्ज करा! मित्रांनो, जो अर्ज करेल तो गुडघे टेकेल!" टाळ्या थांबेनात. मला पुन्हा अध्यक्ष केलं.

धाकटे, त्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा तुझ्या वृद्धाश्रमासाठीची पेटी बाहेर माझ्या गाडीत होती.

ती एका बंद होणाऱ्या विमा ऑफिसातून आलेली. तिथला मॅनेजर भला माणूस. "लायसन्स तुमच्या गिऱ्हाइकाच्या नावावर करायला माझी संमती लागेल ना? आणा, आत्ता सही करतो," म्हणाला. मी हसलो. "साहेब, तत्त्वाचा प्रश्न आहे." त्याने पेन पुन्हा खिशाला लावलं.

आणि तू विचारलंस, "दादा, कागदपत्रं सगळी नीट आहेत ना?" मी म्हणालो, "आता भावाकडे कागद मागणार का?" तू ओशाळलीस, विषय बदललास. तू ओशाळावीस म्हणूनच मी ते वाक्य बोललो होतो.

आता गुरुवारचं.

तुमच्या आश्रमातले गुरुजी त्यांच्या खोलीच्या बाथरूममध्ये पडले. मोडलेल्या मांडीने सरपटत फोनपाशी आले, ऑपरेटरच्या डेस्कचा नंबर दाबत राहिले, आणि डेस्कवर घंटा वाजलीच नाही. सफाईवाली खोलीत शिरली तेव्हा कुठे ते सापडले. मी धावत आलो, पेटी तपासली. स्क्रीनवर सरळ लिहिलं होतं : लायसन्स परत घेतलं आहे. विमा ऑफिसने आवराआवर करताना आपलं होतं ते कंपनीला परत केलं. त्यांचा काय दोष? त्यांच्या लेखी ते वापरणारं कुणी उरलंच नव्हतं. बाहेरच्या लाइन तेवढ्या चालू राहिल्या, खोल्यांचे फोन मुके झाले.

तू मागे उभी होतीस. "काय झालं रे?"

मी म्हणालो, "ऑपरेटरने सेटिंगमध्ये काहीतरी दाबलेलं दिसतंय."

ऑपरेटर म्हणजे तुमच्या हॅलोमावशी. घरी दूधवाल्यालाही दार उघडून "हॅलो, बोला" म्हणतात, अशी सगळा आश्रम ज्यांची थट्टा करतो, त्या. पत्ते कुटणाऱ्या आजी तिथूनच ओरडल्या, "आमची हॅलोमावशी नाही हो असं करायची!" तू म्हणालीस, "आजी, दादाला त्यातलं कळतं."

मावशी पुढे आल्या. "साहेब, कुठलं बटण दाबलं गेलं ते दाखवा ना. म्हणजे पुन्हा नाही व्हायचं माझ्याकडून."

मी पेटीचं झाकण लावलं. "जाऊ द्या मावशी, माणसाकडून होतं असं."

माफ केलं मी त्यांना! आणि संध्याकाळी तू त्यांना कामावरून काढलंस.

त्यांनी काहीही दाबलं नव्हतं. दोष सगळा माझा.

पेटी पुन्हा बोलू लागली ती माझ्या दुकानातल्या दुसऱ्या पेटीचं लायसन्स चढवून. तेही कुणा तिसऱ्याचंच, कधीही जाईल. तुझ्या आश्रमाच्या नावाने नव्या लायसन्ससाठी मी काल अर्ज केला. ते येईपर्यंत या पत्रासोबत ड्रायव्हरच्या हाती हाताने वाजवायच्या घंटा पाठवतोय. प्रत्येक उशाशी एक ठेव.

माझं मत बदललं असं समजू नकोस. पेटी विकत घेणाऱ्याला ती चालवायचा हक्क मिळालाच पाहिजे, हे मी उद्याही छातीठोकपणे बोलेन. पण लढणाऱ्याने स्वतःचं काही पणाला लावायचं असतं. मी तुला न सांगता म्हाताऱ्या माणसांचा आधार पणाला लावला, आणि डाव उलटल्यावर मावशींना पुढे केलं. कंपनीला मी भर सभेत लुटारू म्हणतो. कंपनीने माझं जे नेलं असेल ते असो. मी एका बाईचं काम नेलं, आणि तिचा स्वतःवरचा विश्वाससुद्धा. त्या आता घरी बसून ते बटण आठवत असतील, जे त्यांनी कधी दाबलंच नाही.

फोन केला असता. पण फोनवर तू रागावली असतीस आणि मी तुला बोलता बोलता हसवलं असतं. मला ते जमतं, म्हणून लिहिलं. कागदाशी मला वाद घालता येत नाही.

आज दुपारच्या चहाला सगळे हॉलमध्ये जमतील. त्याआधी तू स्वतः मावशींच्या घरी जा, त्यांना घेऊन ये, डेस्कमागच्या त्यांच्या खुर्चीत बसव, आणि हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. सायकलीपासून इथपर्यंत. दादाची लाज राखायला एक ओळही गाळू नकोस.

शेवटी तुला आशीर्वाद लिहायची सवय आहे. आज हात धजत नाही.

तुझा
दादा