पखालवाल्याला हसलेली माणसं

कॉलेज रोड, नाशिक
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सोमनाथ,

शनिवार, ८ नोव्हेंबर, संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. इंदिरानगरात, तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, भरल्या सभेत माइक हातात धरून तू जाहीर केलंस की माझं अक्षर लागत नाही.

आशीर्वाद आहेत. ते माझ्या रागावर अवलंबून नसतात. योगिनीचा खोकला थांबला असेल, वेदिकाची परीक्षा झाली असेल. माझी तब्येत ठीक आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते.

आता अक्षर. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा माझी वही वर्गात फिरवायच्या. पुढे टेलिफोन खात्यात साहेब मंडळी टाइपिस्टला सोडून माझ्याकडून सूचना लिहून घ्यायची, कारण त्या भिंतीवर लावल्या की लांबून वाचता येत. ते अक्षर तुला, माझ्याकडून बाराखडी गिरवलेल्या माणसाला, लागेना. पत्र पोस्टाने पाठवते आहे. वेदिकाच्या हाती दिलं तर ती रिक्षातच वाचून मोकळी होईल.

त्या दिवसापासून तू माझा फोन उचलत नाहीस. तुझा निरोप बायकोच्या तोंडून आला, योगिनी म्हणाली, ‘आक्का, थोडे दिवस इकडे येऊ नका.’ तुझं लग्न झाल्यापासून रविवारचं जेवण मी तुझ्याकडे जेवते. गेले दोन रविवार घरी वरणभात केला आणि रेडिओ लावून बसले. असंच चालायचं असेल तर मला कळलं पाहिजे, म्हणून हे पत्र.

सिनेमाबद्दल तुझं माझं काही बोलणंच झालं नाही, ते आधी करू. तुझ्या फिल्म क्लबात मी तक्रार करायलाच येते, असं सुमनबाई म्हणतात. खोटं आहे. मला सिनेमा आवडतो. त्या शनिवारचा ग्रीक योद्ध्यांचाही काही ठिकाणी आवडला. आकाश तांब्याच्या भांड्यासारखं, समुद्र काळा, भाले एका ओळीत. चित्र म्हणून सुंदरच. पण त्यातली माणसं कधी जेवत नाहीत, कुणाला खाज सुटत नाही, आणि भर थंडीत सगळे उघडे. सबंध सिनेमात एकाही सैनिकाला आई नाही. आणि मरायची वेळ आली की सगळं कसं सावकाश होतं. भाला सावकाश येतो, रक्ताचे थेंब कुंकू उधळावं तसे सावकाश उडतात, मागे बायका आलाप घेतात. माणूस पडेपर्यंत मी पर्समधून चष्म्याचं फडकं काढून काच पुसून घेतली.

मग तुझा तो लाडवांचा डबा फिरला. प्रत्येकाने अभिप्रायाची चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही, म्हणजे माणसं खरं लिहितात, हा तुझाच नियम. तू एकेक वाचायला लागलास. ‘हे सगळे एकाच व्यायामशाळेतले दिसतात’ ही वाल्मीकची. स्वतःच्याच चिठ्ठीला तोच आधी हसला. ‘सोसायटीतल्या पुरुषांना हा सिनेमा महिन्यातून दोनदा दाखवावा, पोटं आत जातील’ ही सुमनबाईंची, हे सांगायला नाव कशाला हवं? भिमाजी सुभेदार देवळालीच्या तोफखान्यात होते, सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांची चिठ्ठी निघाली, ‘छान. पंखा जोरात असल्याने मागे ऐकू आलं नाही.’ हॉल हसून लोटपोट झाला. तू वाचतोसही छान, मी नाही म्हणत नाही.

मग माझी निघाली. मी खाली नाव लिहिलं होतं. सही न करता मत द्यायचं हे आमच्या शाळेत भित्रेपणाचं समजत.

तू वाचलंस, ‘या सिनेमात प्रत्येक योद्धा सावकाश मरतो. फक्त एकच माणूस आपल्या रोजच्या वेगाने मरतो. तो पाणी वाहणारा, पायाने अधू पखालवाला. तो मागे कोपऱ्यात पडतो. संगीत थांबत नाही, कुणी वळून बघत नाही.’ इथवर वाचलंस. मग चिठ्ठीची घडी घातलीस आणि म्हणालास, ‘पुढे अक्षर लागत नाही, मंडळी,’ आणि दुसरी चिठ्ठी उघडलीस.

पुढे काय होतं ते तुला लागलं होतं. तुझा कान लाल झाला. तो लहानपणापासून डावाच आधी होतो.

मी उभी राहिले. पाठ होतं, म्हणून म्हटलं, ‘पुढे असं आहे, की मरण्याआधी एकदा तो पखालवाला धडपडला तेव्हा हा सगळा हॉल हसला. हसण्याआधी त्यांनी आपल्या सेक्रेटरींच्या पायाकडे एकदा बघायला हवं होतं.’

आणि सगळ्यांनी बघितलं. मी सांगितलं म्हणून बघितलं. पुढच्या रांगेतली ती नवीन भाडेकरीण, जिला इतके दिवस ठाऊकही नसावं, तिनेसुद्धा वाकून बघितलं.

तू माइक खाली केला नाहीस. ‘आक्का, बस खाली. पाय माझा आहे.’

मी बसले नाही, पर्स घेतली आणि निघाले. भेळ सुमनबाईंनी डब्यात घालून दिली, ती मी रिक्षात विसरले.

आता हे सगळं लिहून झाल्यावर बघते तर अक्षराचं भांडण फारसं उरत नाही. तुला घडी घालायला काहीतरी निमित्त हवं होतं, ते तू घेतलंस. तरी दुसरं काहीही म्हणाला असतास तर चाललं असतं. वेळ संपली म्हणायचं.

मला राग कशाचा आला ते सांगते. पखालवाला त्या दगडांवरून घसरला, पखाल फुटली आणि तो पाण्यात बसकण मारून बसला, तेव्हा अंधारात सगळ्यांत आधी हसू आलं ते तुझं. तुझं हसणं मी कुठेही ओळखीन. बाकीचे तुझ्यामागून हसले. सेक्रेटरीच हसतोय म्हटल्यावर त्यांना मोकळीक मिळाली. मी चिठ्ठीत हॉलला बोल लावला, कारण तुझं नाव लिहवेना.

मला तेव्हा आपली गल्ली आठवली. पोरं तुझ्या चालण्याची नक्कल करायची आणि मी दगड घेऊन मागे लागायचे, मग दगड सोडून शब्द घेतले, ते लांबवर लागायचे. लोक म्हणतात शरयूची जीभ कॉन्व्हेंटात धारदार झाली. तिथे फक्त व्याकरण शिकवलं. धार त्या गल्लीत लागली, तुझ्यापायी. टेलिफोन खात्यात तिच्यावर माझी नोकरी निभावली. आता तू साठीनंतर माइकवरून सांगतोस की पाय तुझा आहे. आहेच. तू ओझरच्या कारखान्यात सगळी नोकरी उभ्याने केलीस, सप्तशृंगीच्या पायऱ्या माझ्या आधी चढलास. मला एकदाही म्हणाला नव्हतास, आक्का, माझ्यासाठी भांड. मी विचारलंही नव्हतं. मग आता मी या जिभेचं काय करू, ते मला समजत नाही.

वेदिकाचा काल फोन आला होता, तुला न सांगता. तिने मला विचारलं, ‘आक्काआजी, आजोबांना खरंच हसू आलं असेल तर?’ मी तिला अभ्यास कर म्हटलं.

म्हणून तुला विचारते. त्या अंधारात तू हसलास, ते तुला हसू आलं म्हणून, की कुणी तुझ्याकडे बघायच्या आत आपणच हसून घ्यावं म्हणून? हसू आलं असेल, तर मी यापुढे त्या पायावर एक शब्द बोलणार नाही, कुणाशीही. आणि दुसरं असेल, तर तेही लिही. कारण मग मला हे जाणून घ्यायचं आहे की इतक्या वर्षांत माझ्यासमोर तू किती वेळा तसा हसलास.

फोन चालणार नाही. योगिनीचा निरोप चालणार नाही. मला लेखी उत्तर हवं, शनिवार, २२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचच्या आत. आलं नाही तर मी रविवारी येणार नाही, आणि तू बोलावल्याशिवाय पुढेही येणार नाही. ही धमकी नाही. ‘येऊ नका’ असं तू मला पहिल्यांदाच सांगितलंस, आणि मी ते ऐकायचं ठरवलं आहे.

शनिवारी पाचपर्यंत घरीच आहे.

आक्का
(शरयू भिकाजी निकम)