‘दा’ची मींड

आई, येरवड्याच्या आपल्या घरात वरच्या खोलीत व्हिएतनामची एक मुलगी भाड्याने राहायला आली आहे, विद्यापीठात पाली शिकते. तिच्यामुळे हल्ली मला धड एका जागी बसवत नाही. भाजी फोडणीला टाकते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते, करपल्याचा वास आला की धावते.

तिच्याकडे एकाच तारेचं लांबट वाद्य आहे. उजव्या हाताने ती तार छेडते, डाव्या हाताने टोकाची लवचीक दांडी हलकेच वाकवते, आणि सूर न तुटता ओघळत पुढच्या सुरावर जातो. पहिल्यांदा जिन्यात ऐकलं तेव्हा तू दिसलीस. तू पोळ्या लाटते आहेस, मी स्वयंपाकघराच्या दाराशी सतार घेऊन बसले आहे. मी तार खेचून झटक्यात पंचमावर जाते आणि तुझं लाटणं थांबतं. "अहो बाई, सूर म्हणजे पीएमटीचे थांबे नव्हेत. मधला रस्ता कुठे गेला?" शाळेतल्या तुझ्या विद्यार्थिनींनाही तू असंच बोलायचीस. त्या रडायच्या, मी रुसायचे.

मी त्या मुलीला म्हणाले, आम्ही याला मींड म्हणतो. ती हसली. "मावशी, आमच्या तर बोलण्यातच हे असतं. 'मा' सपाट म्हटलं तर भूत, सूर वर नेला तर आई. गाताना सूर नीट वळवला नाही तर शब्दच बदलतो." ती सहज बोलून गेली. मी खाली आले आणि तेव्हापासून हे सुरू झालं.

तुला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, शेवटच्या दिवसांत उरलं ते एकच अक्षर. "दा." कधी खालून वर चढणारं, कधी मध्येच हेलकावा घेणारं. आम्ही धरून चाललो की तू दादाला बोलावते आहेस. मी मांजरी गावात त्याच्या घरी फोन केला. तुझ्याशी भांडून कितीतरी वर्षं न फिरकलेला तो, रिक्षा करून धावत आला. "आई, मी आलोय गं," म्हणत उशाशी बसून रडला. तू त्याच्या केसांवरून हात फिरवलास. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा म्हणालीस, "दा." अगदी सावकाश, खाली उतरत. मी म्हणाले, "अगं, आलाय ना तो." तू डोळे मिटलेस.

सतारीच्या पहिल्या आघाताला तू "दा"च म्हणायला शिकवलं होतंस. मला तेव्हा हे सुचू नये? सतार त्याच खोलीत, कपाटावर होती. ती हवी होती का तुला? मी वाजवावी असं वाटत होतं? की खरोखरच दादा? दुपारी दार लावून मी तो "दा" म्हणून बघते, वर नेते, खाली आणते. तुझा सूर नेमका कुठून वळायचा ते आता आठवत नाही.

काल दादा आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "शेवटपर्यंत आई मलाच हाक मारत होती." मी म्हणाले, "हो, तुलाच." त्याचा चेहरा इतका निवला की सतारीचा विषय मी काढला नाही. हे पत्र त्याच्या हाती लागायला नको, म्हणून फाडून टाकणार आहे. पण आई, "तुलाच" म्हणताना मला त्याचा हेवा वाटला.