धर्माजीदादाचा रक्तदाब आणि तुमचे मिठावरचे बोलणे

पेण, फाल्गुनातला सोमवार, सन १९६१

श्री. बाळाजीराव व्याहीबुवा, मुक्काम नागाव, यांना बुधाजीचा हात जोडून रामराम. आपली प्रकृती, विहीणबाईंचे गुडघे आणि वाडीतल्या नारळी, सगळे ठणठणीत असेल अशी खात्री बाळगतो. (गुडघ्यांची चौकशी आधीच करून टाकली. मागच्या पत्रात राहिली, त्याचा निरोप मला तीन गावांतून फिरून ऐकू आला.) आमची कमळ तुमच्या घरी ओली बाळंतीण आहे, तेव्हा हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नका. चष्मा शोधा.

कमळच्या बापाचा, म्हणजे माझ्या धर्माजीदादाचा, मिठागरात शिंपला लागून पाय कापला. त्याने वर हळद दाबली आणि पुन्हा चिखलात उभा राहिला. पाय सुजला, ताप चढला, तरी ‘काय न्हाय झाला’ हेच चालू. शेवटी बोलणेच बंद झाले तेव्हा मी त्याला ट्रकच्या हौद्यात गादी टाकून डॉक्टर शिवदास यांच्या इस्पितळात आणला. विष रक्तात गेले होते. पेनिसिलीन दिले, मिठाच्या पाण्याच्या बाटल्या चढवल्या (दादा शुद्धीवर असता तर म्हणाला असता, मिठागरवाल्यालाच मीठ विकता काय), तरी रक्तदाब वर येईना. हातपाय थंडगार, लघवी बंद. मग डॉक्टरांनी मुंबईहून आणून ठेवलेले औषध काढले. नॉरॲड्रेनॅलिन. हे नाव पाठ करायला मला ट्रकच्या परवान्याहून जास्त खेटे पडले. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते, म्हणजे आहे तो दाब मेंदूपर्यंत पोचतो. आजार मात्र ते बरा करत नाही. पेनिसिलीन आपले काम उरकेपर्यंत माणसाला नुसते धरून ठेवते. थेंब कमी पडले तर माणूस बुडतो, जास्त पडले तर दाब डोक्यात जातो, आणि शिरेबाहेर झिरपले तर कातडी काळी पडते. म्हणून कृष्णाबाई नर्स दादाच्या एका दंडाला दाब मोजायचा पट्टा बांधून, त्याच्या दुसऱ्या हाताच्या सुईवर डोळा ठेवून खाटेशेजारी बसलेली. तिच्यासमोर जांभई द्यायचीही मला भीती वाटे.

एवढ्यात समाचाराला आमचा चुलतभाऊ नामा आला. तुम्हाला तो आठवेल, लग्नात वरातीच्या बैलांशीच गप्पा मारत बसला होता. जन्म मिठागरात गेलेला. वाफ्यात पाणी कमी दिसले की बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचे दार, उघडायची, एवढी एकच विद्या त्याला येते. त्याने बाटलीकडे पाहिले, ‘अरे, डॉक्टर कंजूस हाय, पाणी सोडतच न्हाय!’ म्हणाला, आणि कृष्णाबाई कापूस घ्यायला वळली तेवढ्यात नळीचा चिमटा सैल केला. नुकत्याच शुद्धीवर आलेल्या दादाने कपाळ धरले, पट्ट्याचा पारा ताडासारखा वर. कृष्णाबाईने झडप घालून चिमटा आवळला आणि नामाला जे ऐकवले ते मी लिहीत नाही, विहीणबाईही हे पत्र वाचतील. नामा आता फाटकाबाहेर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, ‘आत जाऊ नका, लय नाजूक काम हाय.’

पायाची सूज उतरली, ताप गेला, पण खरी पंचाईत तिथून पुढे. औषध हळूहळू काढायचे, आणि थेंब कमी केले की दाब खाली. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला. पेज नको, बोलणे नको. डॉक्टर म्हणाले, आता शरीराने स्वतः दाब धरायला हवा. मी म्हटले, धरील, मी त्याला आणलाय तसाच घरी नेणार. आता माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. चालत्या ट्रकचा कुठला नट सैल आहे ते मला ऐकू येते. काल मी कृष्णाबाईला सहज सांगत होतो की कमळच्या लग्नात तुम्ही आमटी चाखून काय म्हणालात, तर दादाचा श्वास बदलला. भिंतीकडूनच आवाज आला, ‘आमचे मिठात माती हाय बोल्ला तो!’ कृष्णाबाईने पट्टा फुगवला. दाब वर! पाठोपाठ दादाने पेज मागितली, आणि ती आळणी म्हणून भांडला. मी डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, ‘बुधाजीशेठ, राग क्षणभर चढतो, उपचार नव्हे तो. औषध मी देतो, व्याही तुम्ही देऊ नका.’ शिकलेले गृहस्थ आहेत, मी वाद घातला नाही. पत्र लिहायला बसलो.

कमळला नि तिच्या बाळाला आमचे आशीर्वाद. विहीणबाईंना (आणि गुडघ्यांना) नमस्कार.

आपला,
बुधाजी

ता. क. हे पत्र आज माझा ट्रकच जाताना तुम्हाला देईल. उद्या तो आगरदांड्याहून परतताना नागावात थांबेल, त्यात बसा. लग्नापासून दोघांचा अबोला आहे, पण आल्याआल्या माफी मागू नका. आधी थोडे भांडा. पेज संपेपर्यंत तरी.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार तोच कृष्णाबाई सांगत आली, नळी काढली, दाब आपला आपण टिकून आहे. म्हणजे आता औषध म्हणून तुमची गरज उरली नाही. तरी याच. दादाने घरून मिठाची पुरचुंडी मागवून उशाखाली ठेवली आहे आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या आवाजाला मान वळवतो. तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवा आणि ‘खारट आहे’ एवढेच म्हणा. खोटेही बोलावे लागणार नाही.