जुन्या रानाची बंदी

एस्तेरो मान्सो, बुधवार

प्रिय नूरिस,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : तुझ्या आईचा जीव जुन्या रानाच्या बंदीने घेतलेला नाही. नवव्या दिवसाची प्रार्थना संपली, वेदीवरची कागदी फुले उतरवली जात होती, तेव्हा तू भर ओसरीत म्हणालीस, "त्या बंदीनं माझी आई खाल्ली. आता मी त्या बंदीला खाते." त्यावर कोणी काही बोलले नाही. मीही नाही. शोकाच्या घरात वाद घालू नये, असे कारण मी मनाशी दिले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते. येत्या रविवारी सभा आहे. बंदी उठवण्याचा ठराव तू मांडणार आहेस आणि गावातल्या निम्म्या बायका तुझ्यामागे हात वर करणार आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र उद्याच्या बोटीने ब्वेनाव्हेंतुराला धाडतो आहे. रागाने वाचलेस तरी चालेल. शेवटपर्यंत मात्र वाच, कारण मुद्द्यांचा क्रम मी विचार करून ठरवला आहे.

आधी घरची खबर. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरावरची झावळ्यांची दोन झापे वाऱ्याने उडाली होती, ती शेजारच्या मार्सियानाने बसवून घेतली. मार्सियानाला आता डाव्या कानानेही ऐकू येत नाही. तिच्यासमोर उभे राहून, तोंड मोठे करून बोलावे लागते, आणि मग ती म्हणते, "ओरडता कशाला मास्तर, मी काय बहिरी आहे?" कोंबड्या तिच्याकडेच आहेत. रोज दुपारी ती तुमच्या घरी जाऊन चूल पेटवते. शिजवत काही नाही, नुसता नारळाच्या सोडणांचा धूर करते. विचारले तर म्हणते, घराला धूर लागतो, नाहीतर घर कुजतं. यावर मी वाद घातलेला नाही.

पहिला मुद्दा. बंदी माझी नव्हती, तुझ्या आईची होती. गाव ती माझी समजते, कारण कागदावरचे अक्षर माझे आहे. पोपायानच्या सेमिनरीत मी चार वर्षे तर्कशास्त्र शिकलो आणि धर्मगुरू न होता परत आलो, तेव्हापासून या गावात जे जे लिहायचे असते ते माझ्याकडे येते, सभेचे चिटणीसपणही. मी परतलो त्या वर्षी तोमासा एकोणीस वर्षांची होती आणि खुब्यांच्या शिंपल्या वेचायला सगळ्यांत खोल चिखलात उतरणारी म्हणून तिचे नाव होते. तिला एक प्रश्न विचारायचा, असे मी ठरवले होते. तो प्रश्न निर्दोष वाक्यात बसेपर्यंत तिने तुझ्या वडिलांना होकार दिला. पुढे तुझ्या बाप्तिस्म्याला तिने मला तुझा धर्मपिता केले. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तिच्याविषयी मी जे सांगतो ते किती जवळून पाहिलेले आहे, एवढे तुला कळावे म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी जुन्या रानातले खुबे अंगठ्याच्या नखाएवढे झाले होते, हे तुला आठवत असेल. नदीच्या मुखाशी असलेले ते कांदळवन आपल्या आज्यांच्याही आज्यांनी पोसले, आणि आपण दहा वर्षांत ते खरवडून काढले. सीमेपलीकडचा व्यापारी बारके खुबेही घेत असे, म्हणून बायका बारकेही आणत. त्या सभेत मी सरकारला अर्ज करावा असे सुचवले. तुझी आई मागच्या बाकावरून उठली, पायाचा चिखल अजून वाळलेला नव्हता, आणि म्हणाली, "अर्ज करा मास्तर, अर्जानं काही बिघडत नाही. पण बाळंतिणीला आपण चाळीस दिवस अंथरुणातून उठू देत नाही. ह्या मुळांना निदान नऊ महिने तरी द्या." कोणीतरी ओरडले, "आणि नऊ महिने खायचं काय? तुझं भाषण?" तिने शांतपणे सांगितले : जवळच्या खाड्या पाळीपाळीने, परसातली केळी, ताडाची फळे, नारळ, आणि मोठे खुबे तेवढेच विकायचे. मग तिने करवंटी घासून एक कडे केले. त्यातून जो खुबा आरपार पडेल, तो परत चिखलात. तू नऊ वर्षांची असताना शेजारणीच्या टोपलीतले बारके खुबे असेच परत फेकले होतेस आणि कानाखाली खाल्ली होतीस. तेव्हा तुझी आई त्या बाईला म्हणाली होती, "मार बाई, पण आधी पोरीचं बरोबर आहे ते कबूल कर." बंदीची कल्पना गावाला त्या सभेत सुचली, तुमच्या घरात ती आधीपासून होती.

दुसरा मुद्दा. बंदीने जे करायचे ते केले. पहिल्या वर्षी रान उघडले तेव्हा खुबे कड्यात अडकू लागले. दुसऱ्या वर्षी तीन दिवसांत जेवढे निघाले, तेवढे त्याआधी चार महिन्यांत निघत नव्हते. तुझ्या आईने नारळाच्या रसात खुबे शिजवून, उकडलेल्या हिरव्या केळ्यांबरोबर, सबंध गावाला जेवू घातले. त्या दिवशी तू सुट्टी घेऊन आली होतीस आणि तीनदा वाढून घेतले होतेस. त्यानंतर ती होडी घेऊन शेजारच्या तीन गावांत गेली. मी तिला आवाहनाचा मजकूर लिहून दिला होता. तो तिने कमरेला खोचला आणि कुठेच वाचला नाही. ती म्हणे, "आमचे खुबे बघा, मग बोला." तिन्ही गावांनी आपापली एकेक खाडी बंद केली. आता त्यांतल्या दोन गावांचा निरोप आला आहे की, तुमची सभा काय ठरवते ते पाहून आम्ही ठरवू. आणि कोळंबीच्या तळ्यांसाठी जमीन शोधणारा तो गृहस्थ अंत्ययात्रेला आला होता, हे तू पाहिलेस. त्याने तांदळाचे पोते आणले, मेणबत्त्या आणल्या, टोपी काढून उभा राहिला. त्याच्या होडीत मोजणीची साखळी होती, हे तू पाहिले नाहीस. राखलेले रान मागायची त्याची हिंमत होत नाही. ज्या रानाला कोणी राखत नाही, ते तो मागेल, आणि तळ्यासाठी तोडलेले कांदळवन तुझ्या हयातीत परत उभे राहणार नाही.

तिसरा मुद्दा तारखेचा आहे, आणि तो मला सोपा नाही. जुने रान समुद्राला इतके लागून आहे की आपल्या बायका तिथे फक्त भांगाच्या दिवसांत जात आल्या आहेत, म्हणजे जेव्हा पाणी आळशी असते, थोडेच ओसरते आणि थोडेच चढते. उधाणात तिथे कोणी जात नसे. नियम लिहिताना तुझी आई माझ्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "मास्तर, रान उघडायचा दिवस पाण्याला विचारून लिहा." मी म्हटले की नियमाला तारीख लागते, चंद्रावर सोडलेला नियम प्रत्येक जण आपल्या सोयीने वाचतो. सभेत तिने तोच आग्रह पुन्हा धरला, तेव्हा मी विचारले, "पाणी सभेला येईल का, मत द्यायला?" सगळे हसले. ती म्हणाली, "येईल की मास्तर. न बोलावता येईल." त्यावरही सगळे हसले, पण मतदान माझ्या बाजूने झाले. कलम सहा : रान उघडायचे ते दर वर्षी ऑक्टोबरचे पहिले तीन दिवस, एरवी बंद. सरकारी कार्यालयाला निश्चित तारीख हवी असते, असेही मी तेव्हा सांगितले. कार्यालयाने तसे मागितले नव्हते. मी विचारलेच नव्हते. पहिली दोन वर्षे ते दिवस भांगातच पडले आणि मी मनात म्हटले, सिद्ध झाले. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढले असते.

या वर्षी अमावास्या होऊन तीन दिवसही झाले नव्हते. एक ऑक्टोबरला सकाळी सात वाजता पाच होड्यांतून बारा जणी निघाल्या. उधाणामुळे ओहोटी फार खोल गेली आणि कधी न पाहिलेला चिखल उघडा पडला. त्यात खुबे इतके की बायका पाण्याचे भान विसरल्या. साडेदहाच्या सुमारास पाणी फिरले. उधाणाचे पाणी जुन्या रानात समोरून येत नाही. ते दोन्ही खाड्यांतून वळसा घालून माणसाच्या पाठीमागून येते. तुझ्या आईने हाका मारमारून सगळ्यांना होड्यांत बसवले, डोकी मोजली, मार्सियाना नव्हती. तिला हाक ऐकू जाणार नाही, म्हणून तुझी आई स्वतः आत गेली. मार्सियाना पलीकडच्या खाडीच्या बाजूने, टोपली डोक्यावर घेऊन, केव्हाच बाहेर पडली होती आणि होड्यांकडेच चालत येत होती. तुझी आई दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला मुळांमध्ये सापडली. एवढे तुला त्या अकरा जणींनी सांगितले आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे.

पण त्यांनी एक गोष्ट गाळली, आणि वरच्या परिच्छेदात मीही ती गाळली. त्या सकाळी होड्या सुटण्याआधी मी धक्क्यावर होतो, हातात नियमांचा कागद होता. तुझी आई बायकांना सोडून माझ्याकडे आली. त्या दिवशी ती थट्टेत बोलत नव्हती. म्हणाली, "मास्तर, आज नको. आठ दिवस थांबू या. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही." अडचण आल्यास चिटणिसाने दिवस पुढे ढकलावा, असे कलम नऊ त्या कागदावर होते, ते मीच लिहिले होते. बारा जणी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. एकदा तारीख हलवली तर ती दर वर्षी हलेल, असे मी म्हणालो. तीन तारखेनंतर जी आत जाईल तिने नियम मोडला असे धरले जाईल, असेही म्हणालो. नियम जिचा, तिनेच तो पहिल्यांदा मोडावा हे तिला शक्य नव्हते, आणि तिच्यावाचून बाकीच्या गेल्या असत्या हेही तिला माहीत होते. ती होडीत बसली. नंतर, तिला मातीत ठेवून परतताना, मी मार्सियानाला म्हटले की हे नूरिसला सांगितले पाहिजे. माझे ओठ तिने नीट वाचले. ती म्हणाली, "गप्प बसा मास्तर. तुम्ही गेलात तर आमचे कागद कोण करणार? लोक बंदीला बोलतील तर बोलू देत. बंदीला काय दुखतंय?" आणि मी गप्प बसलो. तीन आठवडे गाव बंदीला शिव्या देत आहे, आणि त्या मी ऐकतो आहे. तारीख ठरवली ती सभेने. तिथे हात सगळ्यांचे वर होते आणि ती चूक मी सगळ्यांबरोबर वाटून घेऊ शकतो. धक्क्यावर मात्र मी एकटा होतो. तुझ्या रागाला जागा हवी आहे, नूरिस, आणि तो चुकीच्या जागी जाऊन बसला आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहिले. क्षमा मागण्यासाठी नाही. ती मागण्याचा अधिकार मला कुठून यावा, ते मला सापडलेले नाही. रविवारी मी सभेत खालचा मजकूर वाचून दाखवीन आणि दप्तर टेबलावर ठेवून खाली उतरेन. मला काढून टाकण्याचा ठराव तू मांड. पहिला हात माझा असेल. कलम सहा खोडून तिथे लिही की दिवस चिखलात उतरणाऱ्या बायका ठरवतील. पण बंदी राहू दे. तुझी आई तुला दुसरे काही ठेवून गेलेली नाही.

मी, उल्पियानो कुएरो, एस्तेरो मान्सोच्या सभेचा चिटणीस, कबूल करतो की एक ऑक्टोबरच्या सकाळी तोमासा रियास्कोस हिने रान उघडण्याचा दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली, ती मान्य करण्याचा अधिकार माझ्या हाती होता, आणि मी ती नाकारली.

तुझाच धर्मपिता,
उल्पियानो कुएरो