मुंड्या मोडणाऱ्या मुलांची जमीन

मी, नेल्त्ये राउखरोक, वय बहात्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार हिलेखोम, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. खात्री हवी असल्यास डॉक्टरांना विचारावं, माझ्या भाच्याला विचारू नये. हे मृत्युपत्र कोणी धाक दाखवून किंवा गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. गोड बोलून पाहिलं, पण ते निराळं.

कलम एक. राहतं घर, आतलं सामान, गळकं छप्पर आणि शिष्ट मांजर यांसह, भाचा योरिस याला द्यावं. घरं विकणं हाच त्याचा धंदा आहे, तेव्हा छपराबद्दल काय बोलायचं ते मी सांगायला नको.

कलम दोन. घरामागची जमीन योरिसला नाही. पुन्हा लिहिते, नाही. तिथे त्याला पर्यटकांसाठी सुट्टीतली घरं बांधायची आहेत. गेल्या ईस्टरला माझ्याच टेबलावर माझंच सूप ओरपत म्हणाला, "आत्या, चार पोरांच्या बागकामासाठी सोन्यासारखी जमीन कोणी अडवून ठेवतं का?"

"मी ठेवते," म्हटलं. "सूप संपव."

या जमिनीची हकिगत नोंदवणं भाग आहे. गावातल्या शाळेत मी मुलांकडून ट्यूलिप लावून घेत असे. ऑक्टोबरात ज्याने त्याने आपला कंद लावायचा. एप्रिलात फूल उमललं की निरखायचं, कारण झाड रोगट असेल तर पाकळ्यांवरच्या रेघा चुगली करतात. निरखून झालं की चिमटीत धरून मुंडी मोडायची. फूल ठेवलं तर बी धरण्यात झाडाचं बळ जातं, मोडलं तर ते खाली कंदात उतरतं. इथला प्रत्येक शेतकरी हेच करतो. पण मुलं रडली आणि त्यांच्या आया शाळेवर चालून आल्या. घरच्या शेताच्या कडेला मोडलेल्या फुलांचे ढीग कुजत होते, तरी आल्या.

मुख्याध्यापक फेरहूफ म्हणाले, "बाई, फुलं आईला नेऊन द्यायला सांगा. आणि झाल्या प्रकाराची लेखी माफी द्या."

"मुलं भागाकारालाही रडतात, सर. त्याची माफी कोण देतं?"

शाळेतले वाफे उखडले. मी घरामागचे बटाटे काढले, जमीन खणली आणि सांगितलं, बुधवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटते, ज्याला यायचं त्याने यावं. मुलं आली. अजून येतात. फेरहूफ अद्याप हयात आहेत. त्यांना माझी काचेची फुलदाणी द्यावी, रिकामी. माफी तेव्हा मागितली नाही, मेल्यावरही मागणार नाही.

सदर जमीन हनान बेनआयाद हिला द्यावी. तिचे वडील कंद निवडायच्या शेडमध्ये कामाला होते. आठ वर्षांची असताना हिने मुंडी मोडली आणि सरळ मातीला कान लावला. म्हणाली, "बाई, खाली कोणी रडत नाहीये." माझ्या शिकवण्याला याहून चांगला शेरा कोणत्याही तपासनीसाने दिला नाही. माझे गुडघे गेल्यापासून बुधवार तीच सांभाळते. अट एवढीच की मुंड्या दरवर्षी मोडल्या जाव्यात. जे मूल रडेल त्याला रडू द्यावं, गोड गोळी देऊन गप्प करू नये.

कलम तीन. बँकेत जे निघेल त्यातून शेणखत, खुरपी आणि लहान मापाचे रबरी बूट घ्यावेत.

कलम चार. माझ्या शवपेटीवर एकही फूल नको. एप्रिलात, त्यातही बुधवारी पुरायची वेळ आली, तर आधी मुलांचं काम उरकावं. मी थांबेन.

कलम पाच. पुन्हा योरिस. कोर्टात जाण्याआधी त्याने हे वाचावं. बाळा, नऊ वर्षांचा होतास. तुझं लाल फूल दोन्ही हातांनी झाकून उभा राहिलास. "आत्या, हे एकच राहू दे ना गं!" मी म्हटलं, तुझं आहे, तू ठरव. जुलैत सगळ्यांचे टपोरे कंद निघाले, तुझा सुपारीएवढा. तू तो कुंपणापलीकडे भिरकावलास आणि परत कधी बुधवारी आला नाहीस.

मी तो शोधून आणला. त्याच ऑक्टोबरात लावला. पहिली काही वर्षं नुसती पानं आली. पुढे फूल आलं तेव्हा मुंडी मोडली, आणि मग दर एप्रिलला मोडत आले. कंदाला पिल्लं फुटत गेली, आता एप्रिलात कुंपणालगतचा अख्खा वाफा लाल असतो. जमीन हनानची, पण त्या वाफ्यातला प्रत्येक कंद तुझा. जुलैत खणून खुशाल घेऊन जा, तुला कोणी अडवणार नाही. मात्र त्याआधी एप्रिलात यावं लागेल, आणि मुंड्या तुझ्या हातांनी मोडाव्या लागतील. रडू आलं तर रड. मुलं हसणार नाहीत, ती सगळी रडलेलीच आहेत.

वरील मजकूर मीच लिहिला, मोठ्याने वाचून पाहिला, आणि यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही: नेल्त्ये राउखरोक

साक्षीदार:
कोबस तूनिसेन, शेजारी (वाचताना हसला, सही मात्र नीट केली)
डॉ. हेस्टर ब्लॉम

ठिकाण: हिलेखोम
बुधवार, २२ ऑक्टोबर १९९७. योरिसचा वाफा आज लावून झाला.